गृहीतागमा म्हणजे कोण?

माझ्या भाचीच्या मुलीने अमेरिकेत कॉलेजात नाव घातलं, ही बातमी घरच्या मंडळींना एव्हाना कळलेली आहेच. विषय कोणता हे कळल्यावर जी चर्चा झाली तीही कळलेली आहे, म्हणून ती इथे परत लिहीत नाही. ब्लॉगवरच्या इतर मित्रमैत्रिणींसाठी थोडक्यात सांगते. मुलगी तिथल्या एका राज्य विद्यापीठात फॅशन मर्चंडायझिंग शिकणार आहे. त्याच इमारतीत, शेजारच्या खोल्यांत, ग्राहकविषयक अभ्यास आणि इंटिरियर डिझाइन हे विषय शिकवतात आणि पहिल्या वर्षी तिन्ही विषयांचे थोडे थोडे तास सगळ्यांनाच करावे लागतात. आमचे जावईबापू इंजिनिअर. ते फोनवर म्हणाले, "मावशी, शिंपीकाम शिकायला एवढी फी?" मी म्हटलं, यावर सवडीने बोलू. लेकीचा प्रश्न मात्र वेगळा होता. ती म्हणाली, "मावशीआजी, कपड्यांचा धंदा, गिऱ्हाइकांचे हक्क आणि घराची सजावट, या तिघांचा एकमेकांशी संबंध काय? एका छपराखाली का ठेवलेत हे?"

प्रश्न मला आवडला. मी जन्मभर इतिहास शिकवला (आणि जोडीला मराठी, आणि शाळेत माणूस कमी असेल तेव्हा भूगोलही!). वरवर एकमेकांशी नातं नसलेल्या गोष्टी एका ठिकाणी दिसल्या, की तिथे आधी काय होतं ते बघावं, असं मी मुलींना सांगत असे. तळ्यात बुडालेल्या गावाचा कळस तेवढा वर दिसतो, तसं असतं ते. इथे बुडालेलं गाव म्हणजे 'घर'. त्या इमारतीवर कधीकाळी 'होम इकॉनॉमिक्स' अशी पाटी असणार. शिवण, बाजारहाट आणि घराची मांडणी ही तिन्ही बाईची कामं, म्हणून ती एका पाटीखाली आली. पुढे 'होम' गेलं, कामं राहिली.

ही पाटी लावली कोणी? अमेरिकेत हिचं श्रेय एलन स्वालो रिचर्ड्स या बाईंना देतात. रसायनशास्त्र शिकलेली बाई. एमआयटी या नावाजलेल्या संस्थेने घेतलेली पहिली विद्यार्थिनी, १८७३ची पदवीधर. पिण्याच्या पाण्याची आणि खाण्याच्या पदार्थांतल्या भेसळीची तपासणी हे तिचं काम. १८९९ पासून दरवर्षी तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी लेक प्लॅसिड परिषदा भरवल्या आणि त्यातून हे शास्त्र उभं राहिलं. मला यात एक हिशेब दिसतो. रसायनशास्त्राच्या खात्यात बाईला प्राध्यापकाची खुर्ची कोणी देणार नव्हतं. मग तिने रसायनशास्त्रच स्वयंपाकघराच्या दाराने आत नेलं. पीठ, साबण, रंग, कापड, सांडपाणी, हे सगळं रसायनशास्त्रच की. घराचं नाव पुढे केल्यावर वडीलधारे हरकत घेईनात, आणि मुली प्रयोगशाळेत जाऊन उभ्या राहिल्या.

आता आपल्याकडे येऊ.

'गृहीतागमा' हा शब्द तुमच्यापैकी किती जणांनी ऐकला आहे? माझ्या विद्यार्थिनींना मी दरवर्षी विचारायची. वर्गातली हुशार मुलगी हमखास हात वर करून सांगायची, "बाई, गृह म्हणजे घर, म्हणून घरकाम शिकलेली ती गृहीतागमा." सगळ्या माना डोलवायच्या. पण संधी सोडवून बघा. गृहीत अधिक आगम. गृहीत म्हणजे घेतलेलं, आत्मसात केलेलं. आगम म्हणजे विद्या. जिने विद्या आत्मसात केली ती गृहीतागमा. त्यात घर कुठेच नाही! आणि तिच्या पुढची पदवी प्रदेयागमा, म्हणजे जिची विद्या आता दुसऱ्याला देण्याजोगी झाली ती. बी.ए. आणि एम.ए.च्या जागी धोंडो केशव कर्व्यांच्या महिला विद्यापीठाने या पदव्या ठेवल्या होत्या. जी.ए. आणि पी.ए. अशी त्यांची अक्षरं लावायची. तुमच्या घरातल्या जुन्या लग्नपत्रिका किंवा पणजीचे कागद चाळलेत तर कदाचित सापडतील.

मुलींनी काय शिकावं हा वाद मात्र त्याआधीचा. मुंबई विद्यापीठाने १८८३ मध्ये स्त्रियांना परीक्षांची दारं उघडली आणि कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १८८७ मध्ये पदवीधर झाली. दरम्यान १८८४ मध्ये रानडे, भांडारकर वगैरे मंडळींनी पुण्यात मुलींचं हायस्कूल काढलं, तेच आपलं हुजूरपागा. तिथे मुलींना इंग्रजी आणि इतर विषय मुलांप्रमाणे शिकवायचं ठरलं, त्यावर टिळकांच्या 'मराठा'तून जोरदार टीका झाली. मुलींना संसाराला उपयोगी पडेल तेवढंच शिकवावं, शाळेचे तास कमी ठेवावेत, म्हणजे घरची कामं बुडणार नाहीत, असा त्या टीकेचा सूर. म्हणजे स्वयंपाक, शिवण, मुलांचं संगोपन हा अभ्यासक्रम आपल्याकडे आधी आला तो मुलींना अडवण्यासाठी. हे विसरून चालणार नाही, कारण पुढे तीच यादी दुसऱ्या हातात गेली.

तो हात अण्णासाहेब कर्व्यांचा. १८९६ मध्ये सुरू झालेला त्यांचा अनाथ बालिकाश्रम हिंगण्याला चालू होता. १९१५ साली जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्याकडे टपालाने आली. त्यांनी ती चाळून बाजूला ठेवली. पुढे त्या वर्षीच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, भाषण तयार करायचं होतं, तेव्हा त्यांनी ती पुस्तिका पुन्हा काढून वाचली. टोकियोचं ते विद्यापीठ नारुसे जिंझो यांनी १९०१ मध्ये काढलेलं आणि त्यात सुरुवातीपासून तीन शाखा होत्या : गृहशास्त्र, जपानी वाङ्मय आणि इंग्रजी वाङ्मय. अण्णांना हवं होतं ते सापडलं. १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा कॉलेजात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुली. कुलपती रा. गो. भांडारकर, कुलगुरू रँग्लर परांजपे. शिकवायचं माध्यम मातृभाषा, इंग्रजी एक विषय म्हणून, आणि गृहव्यवस्था व आरोग्य सक्तीचं. गणित सक्तीचं नाही. गंमत बघा, हे ठरवणारा माणूस फर्ग्युसनमध्ये वीसेक वर्षं गणितच शिकवून निवृत्त झालेला!

या जागी मी नेहमी अडखळते. अण्णांचं मोठेपण सांगायला मी कोण? पण बाईचं क्षेत्र वेगळं म्हणून तिचा अभ्यास वेगळा, हे त्यांचं म्हणणं मला पटत नाही. त्या काळातल्या कित्येक सुधारकांनाही ते पटलं नव्हतं. मुलांचं ते विद्यापीठ खरं आणि मुलींचं कमअस्सल, असं होईल, ही त्यांची भीती होती. आणि ती अगदीच खोटी ठरली नाही. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये पंधरा लाखांची देणगी दिली, आईचं नाव दिलं, ते आपलं एस.एन.डी.टी. (ठाकरसी गिरणीमालक. म्हणजे मुलींच्या विद्यापीठाला पैसा आला तो कापडाच्या धंद्यातून. माझ्या नातीला हे मुद्दाम सांगितलं.) पण पैसा आला तरी सरकारी मान्यता आली नाही. ती मिळाली १९४९च्या कायद्याने. १९१६ ते १९४९ म्हणजे तेहतीस वर्षं! या तेहतीस वर्षांतल्या मुली पदवी घेऊन बाहेर पडल्या, त्या पदवीवर सरकारी नोकरीचं दार उघडत नाही हे माहीत असताना. त्यांनी ती का घेतली असेल? मला वाटतं, नाहीतर काहीच मिळालं नसतं म्हणून. बालविधवा, नवऱ्याने टाकलेल्या, लग्न झाल्यावर शिकायला लागलेल्या, अशा बायकांना मॅट्रिकचं गणित आणि इंग्रजी ओलांडून मुंबई विद्यापीठापर्यंत कोण जाऊ देणार होतं? अण्णांनी उंबरठा खाली आणला, त्याला नावं ठेवणाऱ्यांनी आधी त्या बायकांच्या घरी जाऊन बघायला हवं होतं.

आणि अण्णांच्या स्वतःच्या घरात काय झालं, तेही बघण्यासारखं आहे. त्यांच्या सूनबाई इरावती कर्वे बर्लिनहून मानववंशशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आल्या आणि १९३१ ते १९३६ याच विद्यापीठाच्या रजिस्ट्रार होत्या. सासऱ्यांनी बायकांसाठी वेगळा अभ्यासक्रम आखला आणि सूनबाई कवट्या मोजायला शिकून आल्या. तेव्हाच्या कर्वे मंडळींच्या घरातली जेवणाच्या पंगतीतली बोलणी ऐकायला मिळाली असती तर! असो.

एस.एन.डी.टी. एकटंच नव्हतं. १९२७च्या जानेवारीत पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली बैठक भरली, अध्यक्षा बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. मुलींचं शिक्षण हाच विषय. त्याच परिषदेच्या खटपटीतून १९३२ मध्ये दिल्लीला लेडी आयर्विन कॉलेज निघालं, खास गृहविज्ञानासाठी. आणि मग आपल्या गायकवाडांच्या बडोद्यातच, महाराजा सयाजीराव विद्यापीठात, १९५० मध्ये गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा उघडली. कुलगुरू होत्या हंसा मेहता. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' या शब्दांच्या जागी 'सर्व मानव' असं घालायला लावलं त्याच या बाई. त्यांच्या कारकिर्दीतल्या त्या शाखेत वस्त्रशास्त्राची वेगळी प्रयोगशाळा, गृहव्यवस्थापनाचं वेगळं खातं, आहाराचं वेगळं. नातीच्या इमारतीतल्या खोल्या आपल्याकडेही होत्या, ते अशा.

आता थोडं घरचं, म्हणजे मिरजेचं.

मी १९६६ ला मॅट्रिक झाले, तेव्हाची अकरावी. आमच्या शाळेत मुलांना सुतारकामाचा तास असे तेव्हा मुलींना शिवण आणि गृहशास्त्र. धावदोरा, उलटी टीप, तुरपाई, काजं. खाकी कागदावर झबल्याचा आकार काढायचा, तो कापायचा, मग कापडावर ठेवून बेतायचा. पुढे शिवाजी विद्यापीठातून मी इतिहासात बी.ए. केलं, तेव्हा वर्गातल्या ज्या मुली गृहविज्ञान घेत त्यांच्याकडे आम्ही जरा वरून बघायचो. 'लग्न जमेपर्यंतचा विषय' म्हणायचे लोक. शिक्षिका झाल्यावरही तेच कानावर पडलं. गणितात कच्ची ना, मग दे तिला गृहशास्त्र! स्टाफरूममध्ये हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल त्याची मोजदाद नाही.

पण आमच्या शिवणाच्या बाई निराळ्या होत्या. त्या कापडाचे दोरे काढायच्या आणि चिमट्यात धरून मेणबत्तीवर जाळून दाखवायच्या. सुताचा दोरा कागदासारखा भुरकन जळतो आणि मऊ राखाडी राख उरते. रेशीम आणि लोकर यांना केस जळल्याचा वास येतो. टेरिलीन वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. मग आम्हाला म्हणायच्या, "उद्या लक्ष्मी मार्केटात कुणी शुद्ध रेशीम म्हणून काही गळ्यात मारलं तर निदान दशीचा एक दोरा घरी आणून जाळून बघा." हळदीवर मिठाच्या तेजाबाचा थेंब टाकून गुलाबी रंग येतो का, हेही त्याच बाईंनी दाखवलं. आला तर हळदीत मेटॅनिल यलो नावाचा विषारी रंग मिसळलेला. ते रसायनशास्त्र होतं, तो ग्राहकांचा हक्क होता आणि ते वस्त्रशास्त्र होतं, सगळं पस्तीस मिनिटांच्या एका तासात. एलन रिचर्ड्सबाईंचं नाव आमच्या बाईंनी ऐकलं होतं की नाही कोण जाणे.

१९६१ च्या सुमारास याच हंसा मेहतांच्या अध्यक्षतेखाली सरकारने एक समिती नेमली होती : मुलांचे आणि मुलींचे अभ्यासक्रम वेगळे असावेत का? समितीचा निर्वाळा असा की वेगळे नसावेत, आणि गृहविज्ञानाची ओळख शाळेत मुलांना आणि मुलींना, दोघांनाही करून द्यावी. १९६४-६६च्या कोठारी आयोगानेही हे उचलून धरलं आणि मुलींवर गृहविज्ञान सक्तीचं करू नये असं बजावलं. यातला सक्ती काढायचा भाग हळूहळू झाला. मुलांनाही शिकवण्याचा भाग बहुतेक कागदावरच राहिला. माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत एकाही मुलाला शाळेत काज करायला शिकवलेलं मी पाहिलं नाही. मिरजेतले उत्तम शिवणारे तमाम पुरुष होते, ही गोष्ट वेगळी!

इथे जावईबापूंच्या 'शिंपीकामा'कडे येते. नाराज होऊ नका, पण हा शब्द तुम्ही ज्या सुरात उच्चारलात तो मला ओळखीचा आहे. त्यात दोन तिरस्कार एकत्र आहेत. एक, हाताने काम करणाऱ्याबद्दलचा. आमच्या ब्राह्मणी घरांत तो भरपूर होता, उगाच नाकारण्यात अर्थ नाही. दुसरा, बाईच्या कामाबद्दलचा. नामदेवांचे अभंग म्हणताना ते शिंपी होते हे आपण अभिमानाने सांगतो, आणि मुलगी कापड शिकते म्हटलं की कपाळाला आठ्या. ज्या कामाला पगार नाही ते सोपं, आणि जे सोपं ते शिकायला विद्यापीठ कशाला, असा हा हिशेब असतो.

सोपं म्हणता, तर 'बेतणे' हा शब्द घ्या. कापड कापण्याआधी आकार मांडून बघायचे, म्हणजे बेतायचं. त्यातूनच बेत आला, बेताचं आलं, बेताबेताने आलं. मर्चंडायझिंग म्हणजे काय हे नातीने मला तासभर समजावलं तेव्हा मला हा शब्द आठवला. गिऱ्हाइकाला काय लागेल, किती लागेल, कधी लागेल. त्यासाठी सूत कुठलं, रंगणी कुठे, शिवण कुठे, बटणं कोणाची. नमुना मंजूर कधी, माल बोटीवर कधी. आणि या सगळ्याला धरून एका नगाची किंमत काय पडते. एका शर्टामागे बेतताना पाच सेंटिमीटर कापड वाचलं तर दहा हजार शर्टांना पाचशे मीटर वाचतं. कापडाचा पन्हा बदलला की हिशेब पुन्हा पहिल्यापासून. यात गणित नाही असं ज्याला वाटतं त्याने एकदा बारा वारांत पाच बहिणींची पोलकी बेतून दाखवावीत. माझी आई दाखवायची.

आणि आपण तर कापडाच्या मुलखात राहतो. मिरजेपासून तासाभरावर इचलकरंजी. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांच्या पाठिंब्याने, आणि गावाचं पुढचं सगळं त्यावर झालं. तिथल्या राजवाड्यात १९८२ पासून वस्त्रोद्योगाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, डी.के.टी.ई. त्याला कुणी शिंपीकाम म्हणत नाही. तेच कापड. इथे त्यावर इंजिनिअरिंग असं लिहिलंय म्हणून नवऱ्या मुलाच्या पत्रिकेला वजन येतं.

ग्राहकाच्या विषयाचं तसंच. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. त्यांनी कोणत्याच विद्यापीठात 'कन्झ्युमर अफेअर्स' शिकलं नव्हतं, पण रॉकेल कुठल्या डेपोत आहे आणि डालडा कुठे दडवलाय, हे त्या बायकांना पाठ होतं. १९७४-७५च्या सुमारास पुण्यामुंबईकडे ग्राहक पंचायत उभी राहिली. दहा-वीस कुटुंबांनी मिळून महिन्याचं सामान एकत्र मागवायचं, आल्यावर वजन करून वाटून घ्यायचं. हे वाटप सांभाळणाऱ्या बहुतेक गृहिणीच. ग्राहक संरक्षण कायदा आला तो १९८६ मध्ये, आणि त्याच्या जागी नवा कायदा २०१९चा. आधी लाटणं, मग कायदा आणि त्यानंतर पदवी.

आमच्या जिल्ह्यातल्या कमलाबाई ओगल्यांना या रांगेत बसवल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जन्म कुंडलचा, शिक्षण चौथीपर्यंत. १९७० मध्ये त्यांचं 'रुचिरा' आलं. त्याआधी आमच्याकडे पाककृती विचारली की उत्तर मिळायचं, 'अंदाजाने घाल'. कमलाबाईंनी वाटी आणि चमचा हे माप धरलं. कुणाच्याही हातून पदार्थ तसाच व्हायला हवा, तर माप हवं. प्रयोगशाळेत याहून वेगळं काय करतात? माझ्या भाचीने अमेरिकेला जाताना जे पुस्तक बॅगेत टाकलं ते हेच. इंजिनिअर नवऱ्याला पहिल्या वर्षी पुरणपोळी मिळाली ती त्याच्याच जोरावर, हे इथे नमूद करून ठेवते!

घराच्या मांडणीबद्दल मला फारसं सांगता येणार नाही, पण ओट्याबद्दल सांगते. मी लहान असताना स्वयंपाक खाली बसून व्हायचा. मग गॅस आला आणि आमच्या गल्लीत एकेक करून ओटे आले. गवंडी सगळ्यांचे ओटे एकाच उंचीचे बांधायचा. आमच्या आत्या ठेंगण्या, त्या आयुष्यभर पाटावर उभं राहून पोळ्या लाटत होत्या, आणि खांदे दुखतात म्हणून वॅनलेसच्या हॉस्पिटलात जाऊन औषध आणत होत्या. ओटा कोपराच्या खाली चार-सहा इंच असावा, हे गृहव्यवस्थापन शिकणाऱ्या पोरीने मला नंतर सांगितलं. आत्यांच्या कोपराची उंची मोजायची, मग ओटा बांधायचा. पण ओटा बांधताना गवंड्याला सूचना देत उभे होते ते आमचे काका, आणि ते ओट्यापाशी कधी उभे राहणारच नव्हते.

अमेरिकेत १९९३ मध्ये या विषयाच्या लोकांनी बैठक घेऊन 'होम' हे नाव टाकलं आणि 'फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस' घेतलं. बडोद्याच्या शाखेचंही आता 'फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस' झालं आहे. नाव बदलल्याने मान वाढला का? थोडा वाढलाही असेल. पण मला नावामागची लाज जरा खटकते. घर हा शब्द काढल्याशिवाय त्या विद्येला शास्त्र म्हणवत नसेल तर खोट विद्येत नाही, आपल्या घराकडे बघण्यात आहे.

हिंगण्याला मी शेवटची गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. माळरान होतं तिथे कर्वेनगर झालंय. अण्णांची झोपडी जपून ठेवली आहे. आणि त्याच आवारात, त्यांच्याच संस्थेची, मुलींची इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चरची कॉलेजं आहेत, आणि संस्थेची फॅशन टेक्नॉलॉजीची शाळाही आहे. झोपडीतून बाहेर आले तेव्हा समोरून तीन-चार मुली चालल्या होत्या. एकीच्या हातात नकाशाची लांब नळी, दुसरीच्या खांद्यावर कापडाचा गुंडाळलेला तागा, तिसरी नुसतीच डबा खात चाललेली. कोण कुठल्या कॉलेजची हे काही ओळखता येईना.

नातीला पहिलं गृहपाठाचं काम मिळालं आहे : आपल्या कुटुंबातल्या बायकांनी वापरलेल्या कापडांचे बारा तुकडे जमवायचे आणि प्रत्येकाचा धागा, विण, रंग आणि किंमत लिहायची. त्यासाठी मी सध्या ट्रंक उपसते आहे. आईचं इरकली, खणाच्या चोळीचा एक तुकडा, माझं टू-बाय-टूचं पोलकं आणि आत्यांची एक मांजरपाटाची पिशवी एवढं सापडलं. नातेवाइकांपैकी कोणाकडे पन्नास-साठ सालच्या आधीचं काही असेल, तर दशी कापून पाठवा, सबंध कापड नको. आणि किंमत आठवत असेल तर तीही चिठ्ठीवर लिहा.